दिवसभर लेक्चर ऐकायला हेडफोन हवाय: चष्मा आहे, बजेट दीड हजार

वेदगंगा
नमस्कार मंडळी. मी निपाणीकडची, सध्या बेळगावात बीएस्सी करते आणि टिळकवाडीत पीजीत राहते. खोलीत आम्ही तिघी. रोज चार-पाच तास कानाला काहीतरी लावून बसावं लागतं: एनपीटीईएलची (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन) लेक्चरं, स्पर्धा परीक्षेचा क्लास, आणि अधूनमधून ऑनलाइन डाउट सेशन, ज्यात आपल्यालाही बोलावं लागतं. दहावीपर्यंत माझं सगळं मराठीतून झालंय, त्यामुळे इंग्रजी लेक्चरात एक शब्द निसटला तरी मागे जाऊन परत ऐकावं लागतं.

सध्या फोनबरोबर आलेले रबरवाले इअरफोन वापरते. तासाभरात कान दुखायला लागतो, आत खाजही येते. रूममेटचा डोक्यावरचा हेडफोन लावून पाहिला, तर चष्म्याच्या काड्या कानावर रुतल्या आणि कानशिलं ठणकायला लागली.

बजेट दीड हजार. स्कॉलरशिप वेळेत आली तर दोनपर्यंत ताणता येईल. फोनला गोल पिनेचं भोक आहे. लॅपटॉप दादाचा जुना, त्याला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं आहेत. तारेचा घेऊ की ब्लूटूथ? रिव्ह्यू वाचायला बसलं की जो तो बेसबद्दल बोलतो. मला बेस नको, मास्तर ऐकू यायला हवेत.

हिडकल
ताई, टीडब्ल्यूएस घे की सरळ, म्हणजे कानात घालायचे बिनतारी सुटे बड. ९९९ ला नॉइज कॅन्सलिंगवाले मिळतात. मी तेच वापरतो. तार नाही, कटकट नाही. गाडीवर जाताना पण बोलता येतं.

मार्कंडेय
हिडकल, आधी गाडीवर ते कानात घालून फिरायचं बंद कर. मग घरी जाऊन खोक्यावर काय छापलंय ते नीट वाच. हजाराच्या आतल्या बहुतेक खोक्यांवर 'ईएनसी' असतं. ते तुझ्या माइकसाठी असतं, म्हणजे तू बोलताना तुझ्याभोवतीचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू येतो. तुझ्या कानाला त्याचा काही उपयोग नाही. तुझ्या कानातला गोंगाट कमी करतं ते 'एएनसी'. त्यात बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या उलटी लहर आत सोडतात. आणि खरं एएनसी असलं तरी ते पंख्याची घरघर, बसचं इंजिन असल्या एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चालतं. शेजारच्या कॉटवर दोघी गप्पा मारत असतील तर त्या गप्पा बऱ्याचशा येतातच.

वेदगंगा, तुझ्यासाठी. डोक्यावरच्या हेडफोनचे दोन प्रकार असतात. एक कानावर टेकणारा, दुसरा अख्खा कान पोटात घेणारा. रूममेटचा पहिल्या प्रकारचा असणार. त्यात कानाची पाळी चष्म्याच्या काडीवर दाबली जाते, म्हणून दुखतं. दुसऱ्या प्रकारात गादी कानाभोवतीच्या हाडावर बसते. काडी तिच्याखालून जाते खरी, पण कान मोकळा राहतो. मात्र स्वस्तात 'कानाभोवती' म्हणून विकलेले कितीतरी हेडफोन प्रत्यक्षात अर्धवट असतात. मोठ्या माणसाचा कान साधारण ६ सेंटिमीटरच्या वरच उंच असतो. गादीचं आतलं भोक त्याहून लहान असेल तर तो शेवटी कानावरच बसणार. पट्टी घेऊन भोक मोज. दुकानदार हसला तर हसू दे.

दुसरं वजन. मोठ्या रंगीत दिव्यांचे गेमिंगवाले हेडसेट बरेचदा अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या घरात जातात. एक लेक्चर चालेल, पाच तास मानेवर येतात. वजनाचा आकडा खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर असतो, पण कोणी बघत नाही. सगळे 'ड्रायव्हर ५० मिमी' बघतात, म्हणजे आत आवाज काढणारी चकती किती मोठी ते. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला असं काही नसतं, आणि बोलणं ऐकायला तर अजिबात नसतं.

मलप्रभा
मी पण चष्मेवाली, खानापूरहून रोज अप-डाऊन करणारी. दोन गोष्टी सांगते.

टीडब्ल्यूएस अप-डाऊनवाल्यांनी घेऊ नये. आता कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या रेटारेटीत माझा एक बड पडला आणि कोणाच्या पायाखाली गेला ते कळलंसुद्धा नाही. एकट्या उजव्या बडची किंमत शून्य.

दुसरं, चष्म्याची काडी जाड असेल तर कुठलाही हेडफोन त्रास देणार. माझी आधीची फ्रेम रुंद प्लॅस्टिकची होती. नवी बारीक तारेच्या काडीची घेतली आणि तोच जुना हेडफोन सुसह्य झाला. म्हणजे हेडफोनसाठी चष्मा बदल असं म्हणत नाहीये. नंबर बदलून फ्रेम घ्यायची वेळ येईल तेव्हा लक्षात ठेव.

सोल्डरगन
मी बाजारात मोबाइल रिपेरीला बसतो. कोणता मॉडेल चांगला ते कंपनीवाले सांगतील, कोणता टेबलावर येऊन पडतो ते मी सांगूलोय.

तारेचा हेडफोन बहुतेक वेळा दोनच जागी मरतो. एक पिनेच्या मुळाशी, दुसरा कानाच्या वाटीत जिथं तार शिरते तिथं. पिन सरळ असली आणि फोन खिशात असला की तार तिथंच मुडपते. एल आकाराची पिन घे. वाटीच्या तोंडाशी रबराची लवचीक नळी आहे का बघ, नसली तर ठेव खाली. तार फोनला गुंडाळून ठेवायची नाही, सैल वेटोळं करायचं. पिन बदलायचं काम स्वस्त आहे, कोणीही करून देतो. आतल्या वायरवर इनॅमलचा पातळ लेप असतो, तो जाळून सोल्डर धरावा लागतो एवढंच.

ब्लूटूथवाल्यात काय होतं? दोन-तीन वर्षांनी बॅटरी बसते. डोक्यावरच्यात अजून बदलता येते, खरं कानातल्या बडमध्ये वाटाण्याएवढी बॅटरी असते आणि वरचं कवच चिकटवलेलं असतं. उघडायला गेलं की फुटतं. गिऱ्हाईक विचारतंय 'होतंय का', मी म्हणतो नवा घे.

आणि गादीचं कातडं. कातडं कसलं, रेक्झिनच ते. बेळगावच्या पावसाळ्यात कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथं ते कुठलं टिकतंय? दमट हवा, घाम आणि केसाचं खोबरेल, तिन्ही मिळून पापुद्रे सुटतात आणि काळा भुगा कानाला लागतो. विशेषतः आमच्या भगिनींचे हेडफोन याच कारणानं येतात. जुन्या बनियनच्या कापडाची इलॅस्टिकवाली टोपी शिवून गादीवर चढव. धुता येते, कानाला गार लागते, चष्म्यालाही मऊ पडते.

मार्कंडेय
बनियनच्या टोपीला माझ्याकडून पूर्ण अनुमोदन. पातळ सुती घे मात्र. जाड कापड घातलं की गादी आणि गाल यांच्यात फट पडते आणि बाहेरचा आवाज शिरतो.

धारवाड_रोड
सगळेजण तिला जुनं युग विकताय. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० घे. १४७ ग्रॅम वजन, एका चार्जिंगमध्ये ५० तासांपर्यंत चालतो, फोन आणि लॅपटॉप दोन्हीला एकाच वेळी जोडलेला राहतो. आठवड्यातून एकदा चार्ज केला की झालं. भारतात आला तेव्हा ४,४९० होता, सेलमध्ये कमीही होतो. थोडे पैसे साठवून एकदाच चांगली वस्तू घ्यावी.

वेदगंगा
दादा, साडेचार हजार म्हणजे माझं पीजीचं एका महिन्याचं भाडं आणि वर मेसचे थोडे. छान असेल, पण आत्ता नाही.

कर्णोपकर्णी
मी श्रवणतज्ज्ञ आहे, बेळगावातच काम करते. वेदगंगाच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी सोडून दिलं: आत खाज येते.

रबरवाले इअरफोन कानाची नळी बंद करतात. आत ऊब आणि ओल कोंडते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कानात बुरशी झालेले रुग्ण नेहमीपेक्षा जास्त येतात. त्यांतले बरेच दिवसभर बड घालणारे आणि वर कापसाच्या काडीने कान कोरणारे असतात. खाज आहे तोवर कानात काही घालू नकोस, काडी तर नाहीच, आणि तेलही टाकू नकोस. कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखव. आधी हे, हेडफोन नंतर. रबरं कोणाला वापरायला देत असशील तर तेही बंद कर.

आता आवाजाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर मोठ्या माणसाला चालतो. लहान मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबल. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला आठवड्याभरात फक्त ४ तास. तू आठवड्याला तीस तासांच्या आसपास ऐकतेस. म्हणजे तुला ८० च्या खाली राहायचंय, आणि बोलणं ऐकायला तेवढ्याची गरजही नसते. आपण समोरासमोर बोलतो ते ६० च्या आसपास असतं.

मग लोक आवाज का वाढवतात? बाहेरचा गोंगाट झाकायला. खोलीत दोघी बोलतायत, खाली रिक्षा, गल्लीत मिरवणूक. म्हणून माझ्या दृष्टीने हेडफोनची पहिली परीक्षा अशी: तो नुसता लावल्यावर, काही न वाजवता, बाहेरचं किती कमी होतं? जितकं जास्त कमी होईल तितका आवाज खाली ठेवता येईल. त्यामुळे बंद वाटीचा (वाटीला बाहेरून भोकं नसलेला), कान पोटात घेणाराच घे असं मी म्हणेन.

हात लांब करून जेवढ्या अंतरावर माणूस उभा राहील, तेवढ्यावरून तो साध्या आवाजात बोलला आणि तुला कोणी काहीतरी बोलतंय हे कळलंच नाही, तर आवाज जास्त आहे असं समज. आणि लेक्चर संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी.

हिडकल
डॉक्टर, गणपतीत डॉल्बीपुढं नाचतो त्याचं काय?

कर्णोपकर्णी
डॉक्टर नाही, श्रवणतज्ज्ञ. १०० डेसिबलला आठवड्याची मुदत २० मिनिटांची आहे. डॉल्बीच्या भिंतीपुढे त्याहून जास्त असतं. तुझं वर्षाचं रेशन विसर्जनालाच संपतं. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग फार स्वस्त मिळतात. पिळून बारीक करून घालायचे आणि आत फुगेपर्यंत बोटाने धरायचे.

सोल्डरगन
मॅडमचं बरोबर आहे, खरं एक सांगतो. दीड हजारात बंद वाटीचा, कान पोटात घेणारा, हलका आणि माइकवाला, हे चारही एकत्र मिळायचं कठीण. मिळालं तर त्यातलं एक खोटं असतंय.

त्यापेक्षा माझं ऐक बाळ. तुला गाणी ऐकायची नाहीत म्हणालीस. मग गाण्याचा हेडफोन कशाला? बँकेत, कॉल सेंटरमध्ये लोक आठ-आठ तास काय लावून बसतात ते बघ. पातळ पट्टी, स्पंजाच्या गाद्या, तोंडापुढं काडीचा माइक. लॉजिटेकचा एच१११ म्हणून येतो, एका पिनेचा, फोनला चालतो. त्याचाच भाऊ एच११०, त्याला दोन पिना असतात, हिरव्या-गुलाबी भोकांसाठी. हजाराच्या आत येतात. दिसायला काही नाही, इन्स्टावर फोटो टाकायसारखा नाही. खरं डोक्यावर आहे हे विसरायला होतंय. स्पंज फाटला तर नवा स्पंज मिळतो.

मार्कंडेय
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चांगला मुद्दा आहे. बोलण्यातली स्पष्टता व्यंजनांवर ठरते. 'स', 'फ', 'त' असले आवाज वरच्या पट्टीत असतात. बेस फुगवलेल्या हेडफोनमध्ये नेमके तेच दबतात आणि मास्तर हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. बोलण्यासाठी केलेल्या हेडसेटमध्ये खालची पट्टी मुद्दाम रोडावलेली असते. गाणी ऐकायला बसलीस तर फिकी लागतील.

माइक तोंडाजवळ असणं हाही मोठा फायदा. तारेवर लोंबणारा माइक ओढणीला घासत राहतो आणि डाउट सेशनमध्ये सगळ्यांना खसफस ऐकू जाते.

ब्लूटूथबद्दल जे कोणी बोललं नाही तेही इथेच सांगतो. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की तो गाण्याची पद्धत सोडून फोन कॉलच्या पद्धतीत शिरतो. दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वाटेने जायचा असल्यामुळे दर्जा घसरतो, स्टिरिओ जातो. लेक्चर नुसतं ऐकताना स्वच्छ वाटणारा हेडफोन झूमवर गेला की जुन्या लँडलाइनसारखा होतो, त्याचं कारण हे. धारवाड_रोड यांचा हेडफोन चांगलाच आहे, पण या बाबतीत तारेच्या हजार रुपयांवाल्याने मात खाण्याचं कारण नाही.

धारवाड_रोड
मान्य. मीटिंगला मी लॅपटॉपचाच माइक वापरतो, म्हणून हा फरक मला जाणवत नसावा. सेटिंगमध्ये इनपुट लॅपटॉपचा आणि आउटपुट हेडफोनचा ठेवला की तो घसरत नाही. ज्यांच्याकडे ब्लूटूथ आहेच त्यांनी हे करून बघा.

कर्णोपकर्णी
स्पंजवाल्या गादीने बाहेरचा आवाज जवळजवळ अडत नाही. सोल्डरगन म्हणतात तो हेडसेट शांत खोलीत उत्तम. तिघींच्या खोलीत ती आवाज वाढवणार, हीच माझी भीती आहे.

सोल्डरगन
मग रूममेटना गप्प बसायला सांगा, ते पाचशेनं स्वस्त पडेल.

मलप्रभा
हाहा. माझ्या ताईनं पीजीत असताना असं केलं होतं: तिघींनी भिंतीवर वेळापत्रक लावलं, पहाटे पाच ते आठ कोणी बोलायचं नाही. चाललं पण. मुली पहाटे बोलायच्या मनःस्थितीत नसतातच.

वेदगंगा, खडेबाजार किंवा गणपत गल्लीत जाशील तेव्हा चष्मा घालूनच जा, आणि केस रोजच्यासारखे बांधून. आंबाडा घातला तर मागून जाणारी पट्टी बसत नाही, वेणी असेल तर काही अडचण नाही. फोनवर रोजचंच एखादं लेक्चर डाउनलोड करून ने. दुकानदार लावेल ते ढिंच्याक गाणं ऐकून काही कळत नाही. आणि पाच मिनिटांत काढू नकोस. दुखणं विसाव्या मिनिटाला सुरू होतं.

वेदगंगा
सगळ्यांना खूप धन्यवाद. खरंच इतकं कोणी सांगितलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बुरशी नाही, पण नळीला सूज आहे. थेंब दिले आहेत आणि काही दिवस रबर बंद. म्हणजे आता डोक्यावरचाच.

दोन शंका. लॅपटॉपला दोन भोकं आणि फोनला एक, मग एच१११ घेऊ की एच११०? आणि निपाणीला गेले की जानेवारी-फेब्रुवारीत उसाचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी लावून घरावरून जातात. तेव्हा अभ्यास कसा करायचा?

मार्कंडेय
एका पिनेचा घे आणि वर वाय आकाराचा स्प्लिटर घे, एका पिनेच्या दोन पिना करणारा. शंभर-दोनशेत येतो. उलटा प्रकार म्हणजे दोन पिनांचा हेडसेट फोनला जोडायचा, त्यालाही अडॅप्टर असतो. पण फोन जास्त वापरात असेल तर एक पिन सोयीची. स्प्लिटर घेताना एकावर हेडफोनचं आणि दुसऱ्यावर माइकचं चित्र आहे ना ते बघ. तशाच दिसणाऱ्या एका प्रकारात दोन्ही भोकं हेडफोनचीच असतात, दोघांनी मिळून सिनेमा बघायला. तो घेतलास तर माइक चालणार नाही.

हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर माइक आहे, दोन असतील तर नाही.

सोल्डरगन
ट्रॅक्टरवर उपाय नाही. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून लावतात ते. तू पण लेक्चर बंद कर आणि लिहायचं काम काढ.

कर्णोपकर्णी
हे मात्र शंभर टक्के. ट्रॅक्टरच्या वरताण आवाज लावून अभ्यास करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. शिवाय लेक्चरला सबटायटल असतील तर चालू ठेव. एनपीटीईएलच्या बऱ्याच व्हिडिओंना असतात. शब्द डोळ्यासमोर आला की आवाज वाढवायची इच्छाच होत नाही. तुझ्या इंग्रजीच्या अडचणीवरही तो अर्धा इलाज आहे.

राकसकोप
उशिरा वाचतोय. मुलाला वाटीत कान बसणारा एक घेऊन दिलाय, नवीन असताना फार आवळायचा. पुस्तकांची डोक्यापेक्षा किंचित रुंद थप्पी करून रात्रभर त्यावर चढवून ठेवला. आता सैल पडलाय. पट्टीत आतून धातूची पाती असेल तरच हे करा, नुसती प्लॅस्टिकची पट्टी तडकते.

दुसरं, निपाणीवाल्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. तिकडून घेतलात तरी हरकत नाही, फक्त वॉरंटीचं काम कुठे होणार ते विचारून घ्या. काही कंपन्या घरून उचलून नेतात, काहींना तुम्हीच केंद्रावर जायचं. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर आणि तारीख हवी. दुकानदार 'बिलाशिवाय दोनशे कमी' म्हणतो, ते दोनशे नंतर महाग पडतात.

सोल्डरगन
आणि ऑनलाइन मोठ्या कंपनीच्या नावाचा ३९९ ला दिसला तर हात लावू नका. माझ्याकडं नकली इतके येतात की खोका बघून ओळखतो. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, आणि वजन असली मालापेक्षा कमी. ब्लूटूथवाल्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर पासून सुरू होणारा नोंदणी नंबर असायला पाहिजे. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात नंबर टाकला की कंपनीचं नाव येतंय. नाव जुळलं नाही तर समजायचं.

वेदगंगा
आणला! अपडेट देते.

शनिवारी बाजारात गेले, चष्मा घालून, वेणी घालून आणि फोनमध्ये भौतिकशास्त्राचं लेक्चर घेऊन. दोन दुकानांत लावून बघायला देईनात, 'सील फोडलं की घ्यावंच लागेल' म्हणाले. तिसऱ्यात डेमोचे ठेवले होते. तिथल्या काकांनी स्टूलच दिलं बसायला.

बंद वाटीचे दोन बघितले. एकाचं भोक पट्टीने मोजलं तर पाच सेंटिमीटरसुद्धा भरेना, खोक्यावर मात्र 'ओव्हर इअर'. दुसरा खरंच कान पोटात घेणारा होता, बाहेरचं छान कमी व्हायचं, पण गाद्यांचा दाब थेट काडीवर. अर्ध्या लेक्चरात डावीकडे ठणका लागला. राकसकोप काकांचं पुस्तकांचं आठवलं, पण पट्टी पूर्ण प्लॅस्टिकची होती.

शेवटी सोल्डरगन काकांचा स्पंजवाला एका पिनेचा घेतला, आणि स्प्लिटर, माइकचं चित्र बघून. काडीवर दाब जवळजवळ नाही. बाहेरचं सगळं ऐकू येतं हे खरं. पण कर्णोपकर्णी ताईंनी सांगितलेली हाताच्या अंतराची परीक्षा केली. फोनचा आवाज निम्म्याच्या खालीच आहे आणि शब्द आधीपेक्षा स्वच्छ येतात, 'स' आणि 'श' वेगळे कळतात. रूममेटशी पहाटेचं ठरवलंय. एक तयार झाली, दुसरी म्हणते मी तर उठतच नाही, म्हणजे तीही तयारच. संध्याकाळी गोंगाट असला की लिहायचं काम.

पैसे उरलेत. बनियनच्या टोप्यांची गरज नाही, स्पंज धुता येतो म्हणाले.

सोल्डरगन
कोमट पाण्यात साबण घालून, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं. सावलीत वाळव. काढताना कडेनं हळू, घाईत ओढलास की फाटतोय. तार माइकच्या बाजूच्या वाटीत शिरते तिथं एक टेपचं वेटोळं आत्ताच मारून ठेव.

कर्णोपकर्णी
छान. निम्म्याच्या खाली आवाज असेल तर माझी तक्रार मागे घेते. तासाला पाच-दहा मिनिटं काढून ठेवत जा.

हिडकल
माझ्या खोक्यावर ईएनसीच निघालं. असो. माझ्या नव्या फोनला गोल भोकच नाही. मी पण तारेचा घेतला तर चालणार कसा?

मार्कंडेय
टाइप-सी ते ३.५ मिमीचा डोंगल लागेल. त्यात दोन प्रकार आहेत. एकात आवाजाची चिप डोंगलमध्येच असते, तो जवळजवळ सगळ्या फोनला चालतो. दुसरा नुसती तार जोडून देतो. ती चिप फोनच्या आत असेल तरच तो चालतो, आणि हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये ती वाट ठेवलेली नसते. स्वस्तातला घेतला की मग 'आवाजच येत नाही' म्हणून सोल्डरगनच्या टेबलावर. घेताना 'डॅक' (तीच आवाजाची चिप) लिहिलंय का बघ, आणि दुकानातच स्वतःच्या फोनला लावून, माइकवर दोन वाक्यं रेकॉर्ड करून बघ.

सोल्डरगन
आणि डोंगल फोनला लावून फोन पँटच्या खिशात घालू नकोस. डोंगल तीनशेचा, चार्जिंगचं भोक बदलायचं झालं तर त्याहून जास्त घेतो मी.